गिधाडं हाकलली तो फाल्गुन

फाल्गुन निम्मा सरला की माझं नाक माझ्या ताब्यात राहत नाही. इथे उरणला आमच्या दाराशी वास असतात ते डिझेलचे, रांगेत उभ्या कंटेनरगाड्यांच्या तापलेल्या टायरांचे, आणि वारा फिरलाच तर खाडीच्या चिखलाचे. पण एखाद्या सकाळी कुणीतरी रस्त्याच्या कडेचा पालापाचोळा पेटवतो आणि मी हातातली कणीक तशीच टाकून खिडकीशी जाते. "राब भाजतायत कुठेतरी," मी म्हणते. आमचे हे पेपरातून मान वर करत नाहीत. "कचरा जालतान गो," ते म्हणतात. "राब भाजाला हितं शेत रायलाय कोनाचा?" खरं आहे त्यांचं. पण नाकाला कोण समजावणार?

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी बी पेरण्याआधी जमीन भाजून घेणं. माघात बाबा ऐनाच्या झाडांवर चढून कवळं तोडायचे, म्हणजे पानांसकट लहान फांद्या. ती वाळली की ठरलेल्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर कवळं, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा आणि गवत, आणि सगळ्यांवर भुरभुरून माती. मग वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा. त्याने भडकायचं नाही, नुसतं धुमसत पुढे सरकायचं. जरा कुठे ज्वाळा दिसली की बाबा ओरडायचे, "अरं, माती टाका माती! राब भाजायचा हाय, होळी न्हाय!" त्या दिवसांत आमच्या कपड्यांना, केसांना, आमटीला आणि शाळेच्या वह्यांना एकच वास येत असे. डोंगराच्या उतारावर तोडलेले ऐन ओळीने उघडेबोडके उभे असत आणि मला त्यांची भारी दया येई. बाबा म्हणत, "पावसात बघ त्याच्याकडं. वळखायचा न्हाय तुला." आणि श्रावणात मी मुद्दाम बघायला जाई, तर खरंच कुठला कोणता ते ओळखू येत नसे.

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या बाजारापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. समुद्र जवळ असला तरी आम्ही समुद्राची माणसं नव्हे. मासळी बाजारातून यायची आणि आमचं सगळं लक्ष भाताच्या लोंबीकडे. गावात गुरं भरपूर, त्यामुळे मरणही वरचेवर. बैल गेला, म्हैस गेली, पारडू गेलं, की चार माणसं त्याला दोराने ओढत गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकत. दुपार व्हायच्या आत आभाळात ठिपके फिरू लागत.

बाबा आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या थोरल्या भावाला, ते बघायला घेऊन जात. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "पोरांला काय दावायचं ते तरी कळतं का?" ती म्हणे, आणि परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. आम्ही बांधाआड बसायचो. चाळीस-पन्नास गिधाडं, त्यांच्या त्या उघड्या माना, पंखांची आदळआपट, भांडणं, आणि दोन तासांत बैलाचा नुसता सांगाडा. मी घाबरून बाबांच्या धोतराचा सोगा तोंडात धरायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, ती वंगाळ हायत ना?" शाळेत गुरुजी कुणालाही 'गिधाडासारखा खातोस' म्हणून हाणायचे, त्यावरून मला तसं वाटे. बाबा म्हणाले, "वंगाळ कशानं? मेलेल्यालाच खातात. जित्याला हात लावत न्हायत. मानसाचं तसं हाय का?" तेव्हा मला फार काही कळलं नाही, पण त्या रात्री मी पोटभर जेवले एवढं आठवतं.

ही गिधाडं गेली कधी, ते मात्र मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही. माणूस गेला की तिथी लक्षात राहते, दहावं होतं, बारावं होतं. पक्षी जातात तेव्हा गावात कुणी कुणाला सांगत नाही. मी लग्न होऊन उरणला आले. सासरी तेव्हा मिठागर चालू होतं, त्या पांढऱ्या ढिगांच्या नवलाईत माहेरच्या आभाळाकडे बघायला सवड कुणाला होती! पुढे कधीतरी माहेरी गेले असता माळावरून इतकी दुर्गंधी आली की पदर नाकाला लावावा लागला. एक म्हैस टाकून चार दिवस झाले होते आणि तिच्याभोवती फक्त कुत्री होती. "गिधाडं कुठं गेली?" मी विचारलं. वहिनी जरा विचार करून म्हणाली, "व्हय की हो वन्सं. दिसली न्हायत बरीच वर्सं."

त्यांना काय झालं होतं ते गावाला येश्याने सांगितलं. येश्या, म्हणजे यशवंत, दादाचा शाळासोबती. लहानपणापासून झाडावरच जास्त असायचा. गिधाडांसाठी काम करणारी काही मंडळी पलीकडच्या रानात आली, त्यांच्याबरोबर हा फिरू लागला आणि तेच त्याचं काम होऊन बसलं. बेहड्याच्या उंच झाडांवर थोडी घरटी उरली होती. कुठल्या झाडावर अंडं आहे, कुठल्या घरट्यात पिल्लू आहे, ते तो एका वहीत लिहून ठेवी. गाव त्याला 'गिधाडांचा तलाठी' म्हणे. तोही हसून म्हणे, "सातबारा पाहिजे काय?" गुराचं दुखणं थांबावं म्हणून त्याला एक औषध टोचत, ते गूर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं दोन-चार दिवसांत माना टाकून झाडाखाली पडतात, हे त्याने घरोघर जाऊन सांगितलं. त्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद त्याच्या दारावर चिकटवलेला असे. वर्षाला एक जोडी एकच अंडं घालते, असं सांगताना त्याचा आवाज दर वेळी खाली येई. ज्याच्या गुराला औषध दिलेलं नाही त्याने ते मेल्यावर पुरू नये, पाखरांना द्यावं, अशी तो हात जोडून विनंती करी. काही जण देत. दादा देत नसे. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याला फाडताना मी बघणार नाही.

बाबांची पाखरांशी दोस्ती मात्र शेवटपर्यंत राहिली. आजारी पडल्यावर अंगणातल्या खाटेवरून ते आभाळाकडे बघत पडून असत. दुखणं कंबरेच्या हाडांत होतं, बरं होण्यासारखं नव्हतं, आणि ते त्यांना न सांगताच कळलं होतं. एका संध्याकाळी येश्या बघायला आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "येश्या, माझ्या मागं लाकडं कशाला फुकट घालवायची? तुझ्या पाखरांला घाल मला." वहिनी कानांवर हात ठेवून आत गेली. दादा रागावला. मी तेव्हा तिथेच होते, मी आपली खोटं खोटं हसले. येश्या गंभीरपणे म्हणाला, "काका, तुम्ही गोळ्या खाताव. माझी पाखरं मरतील." यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ती त्यांची-माझी शेवटची भेट. पुढे आषाढ-श्रावण सगळा मी फोनवर काढला. मी इथल्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. प्रवेशाचे दिवस, मग फॉर्म भरायचे दिवस, मग तपासणी. कारणं काय, शोधली की सापडतात. गोळ्या कशा द्यायच्या ते डॉक्टरांशी मीच बोलत होते. दिवसाला दोनच, जास्त दिल्या तर मूत्रपिंडं जातील, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी दादाला. रोज विचारायचे, "दोनच देतोस ना?" "दोनच." "बाबा कसे आहेत?" "बरं हाय." भाद्रपदात बाबा गेले. मी पोचले तेव्हा चितेवर पत्रे धरून माणसं उभी होती आणि पाऊस पत्र्यांवरून धो धो खाली येत होता. दादाने अग्नी दिला, बाराव्यापर्यंत सगळं यथासांग केलं. त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे.

त्याच वर्षीचा तो फाल्गुन. एका सकाळी दादाचा फोन आला. "बाय, बांड्या बसला गो. कालपासना उठत न्हाय." बांड्या म्हणजे बाबांचा बैल, काळ्या अंगावर पांढरी ठिगळं असलेला. जोडीचा तांबडा आधीच गेला होता. दादाने भाड्याचा पॉवरटिलर आणायला सुरुवात केली, तरी बांड्या गोठ्यात होता, कारण बाबा होते. आता बाबा नव्हते आणि तोही म्हातारा झाला होता. "डॉक्टरला बोलाव," मी म्हटलं. "डॉक्टर काय करल? वय झालं." मग म्हणाला, "येताना मीठ आण. जरा जास्त आण." घरचं जनावर पुरताना खड्ड्यात मीठ टाकतात. मिठागरवाल्यांच्या घरी दिलेल्या बहिणीकडे दादा याहून वेगळं काय मागणार? आमचं आगर आता नावापुरतंच उरलं आहे. माझ्या सासूबाईंनी त्यातलंच एक पोतं बांधून दिलं. "बैल तं बैल, घरचाच मानूस तो," त्या म्हणाल्या.

बोर्लीला एसटीतून उतरले आणि गावाकडच्या रिक्षात बसले, तर दोन्ही बाजूंना राब धुमसत होते. डोळ्यांत धूर जात होता, ते एका परीने बरंच झालं. गोठ्यात दादा बांड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बांड्या दर श्वासाला कण्हत होता. बैल माणसासारखा कण्हतो, हे मला माहीत नव्हतं. वहिनी भाकरी करून आणत होती आणि दादा ती गुळात कुस्करून, बोटांनी बांड्याच्या तोंडात सारत होता. मला हात लावू दिला नाही. "माझ्या हातनं खातो तो," म्हणाला. संध्याकाळी बांड्याचं कण्हणं थांबलं. त्याने मान जमिनीवर टेकवली आणि डोळे मिटून निवांत रवंथ केली. दादाच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी मी समाधान पाहिलं. "बघ, थांबलं दुखायचं," तो म्हणाला. "आता जाईना का."

पहाटे फटफटताना बांड्या गेला.

निसर्गात मरणाचं कुणाला काही वाटत नाही, असं म्हणायची एक पद्धत आहे. पान गळतं, नवं येतं, वगैरे. मलाही असली वाक्यं तोंडपाठ आहेत, शाळेच्या कार्यक्रमांत पाहुण्यांकडून दर वर्षी ऐकते. पण मेलेल्या पारड्याला चाटत राहणारी म्हैस ज्याने पाहिली आहे तो असं म्हणणार नाही. दुःख असतंच. फरक इतकाच की म्हैस तिसऱ्या दिवशी चरायला जाते, कारण तिला भूक लागते. माणसालाही लागते. पण जेवताना त्याला स्वतःची लाज वाटते, ती बहुधा म्हशीला वाटत नसावी.

मी मिठाचं पोतं गोठ्याच्या दाराशी आणून ठेवलं. दादा त्याच्याकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ दे ते. येश्याला बोलव." "बाबा बोललं होतं ना," तो म्हणाला. "बाबांला न्हाय देता आलं. त्यांच्या बैलाला तरी देऊ." इतकं बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. माझा भाऊ मनातलं बोलणारा नाही.

येश्या धावत आला. बांड्याच्या पाया पडला आणि मग त्याच्या कामाचे प्रश्न विचारू लागला. "डॉक्टर आलावता काय?" "न्हाय." "सुई-बिई? पंधरा दिसांत काय औषध?" "न्हाय रे, कोन आलाच न्हाय." येश्याने वहीत तसं लिहिलं. घरट्यांत पिल्लं मोठी झाली होती, त्यांना खाणं पुरत नव्हतं, असं तो सांगत होता आणि त्याचा आनंद काही केल्या लपत नव्हता. मग एवढं आनंदून बोललो याची त्यालाच लाज वाटली आणि त्याने वहीत मान घातली. टेम्पो आला. सहा माणसांनी बांड्याला चढवला. वहिनीने त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, तोंडात पाण्याचे चार थेंब सोडले. उन्हं वर यायच्या सुमाराला तो माळावर होता. येश्या लांब करवंदीच्या जाळीआड बसून राहिला आणि आम्ही घरी परतलो.

दुपार कलायला लागली तशी वहिनी आणि मी गोठा धुवायला घेतला. कोनाड्यात जुनी घुंगरं होती, तेलाची बाटली होती, आणि त्यामागे चंदेरी पाकिटांची चळत. सगळी रिकामी. मी एक उचललं. ते नाव मी सगळा आषाढ-श्रावण फोनवर उच्चारलं होतं. आणि तेच नाव येश्याच्या दारावरच्या कागदावर होतं.

"वहिनी, हे काय?"

"बाबांच्या गोळ्या त्या. उरल्यावत्या. दोन दिस भाकरीत कुटून घातल्या त्यांनी बांड्याला," वहिनी म्हणाली. "कण्हनं ऐकवत नव्हतं वो वन्सं."

दादा खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी औषध म्हणजे गुरांच्या डॉक्टरने टोचलेली सुई. घरातल्या डब्यातल्या बाबांच्या गोळ्या म्हणजे औषध नव्हे, त्या बाबांच्या गोळ्या होत्या. येश्या त्या संध्याकाळी खाटेपाशी बोलला होता, ते आम्ही सगळ्यांनी थट्टेवारीच नेलं होतं. आजही मला त्याच्या जागी दुसरं कुणी वेगळं वागलं असतं असं वाटत नाही. आणि एवढ्या गोळ्या उरल्या कशा, हा विचार माझ्या मनात तेव्हाच आला. मी दोनच सांगितल्या होत्या म्हणून उरल्या. बापाला मोजून दिल्या आणि बैलाला पोटभर. मी पाकीट मुठीत धरून तशीच ओसरीवर गेले आणि दादाच्या समोर धरलं. त्याने त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उठला आणि अनवाणी पळत सुटला.

मी त्याच्या मागे. पन्नाशीच्या बाईने भर उन्हात साडी खोचून धावणं म्हणजे काय ते सांगत नाही. कुणीतरी राब टाकून विचारलं, "काय झालं गो?" मला बोलायला श्वास नव्हता. माळ दिसला तेव्हा आधी झाडं दिसली, आणि झाडांवर ती. लहानपणानंतर मी एवढी गिधाडं एकत्र पाहिली नव्हती. पंधरा तरी असतील, खांदे वर काढून, गप्प बसलेली. चार खाली उतरली होती. त्यांतलं एक बांड्याच्या डोक्याजवळ उड्या मारत जात होतं आणि मान लांब करून त्याच्या डोळ्याचा अंदाज घेत होतं.

"नको! ए नको! जा!" दादा ओरडला. त्याने धावता धावता वाळकी फांदी उचलली आणि ती गरागरा फिरवत थेट त्यांच्यात घुसला. गिधाडांना उडायला वेळ लागतो, जड अंग, ती धडपडत, पंख आपटत पळू लागली. येश्या जाळीतून बाहेर येऊन किंचाळला, "येडा झालास काय रे? महिन्यानं उतरलीत ती!" मी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने नाव वाचलं. दुसऱ्या क्षणी तोही दगड उचलून मारू लागला. एवढी वर्षं ज्याने त्यांच्यासाठी गावाची दारं ठोठावली, तो आपल्या पाखरांना दगड मारत होता आणि रडत होता. दादा बांड्याच्या अंगावर ओणवा होऊन फांदी फिरवत होता. "जावा रे बाबांनो, जावा. न्हाय खायाचं. जावा." झाडांवरची हलेनात. त्यांना भूक होती आणि समोर बैल होता, आम्ही काय ओरडत होतो ते त्यांना कसं कळावं?

खड्डा तिथेच खणला. फाल्गुनातली जमीन, पहार मारली की ठिणगी उडावी अशी. गावातली आणखी माणसं आली, पॉवरटिलरने ओढून बांड्याला खड्ड्यात सोडला. दादाच्या हातांची कातडी सोलवटली तरी त्याने पहार दुसऱ्याच्या हातात दिली नाही. गोठ्याच्या दाराशी राहिलेलं मिठाचं पोतं मी गाडीने मागवून घेतलं, ते सगळं ओतलं. वर माती, मातीवर दगड, दगडांवर काटेरी फांद्या. सूर्य मावळायला टेकला तेव्हा गिधाडं एकेक करून उठली आणि उपाशीच रानाकडे गेली. येश्या त्यांच्याकडे बघत म्हणाला, "एकानं तरी चोच मारली आसंल काय?" दादा म्हणाला, "म्या बघितलं न्हाय." मीही छातीठोक सांगू शकत नव्हते. त्या पळापळीत कुणी नीट पाहिलं होतं?

म्हणून मी रजा चार दिवसांनी वाढवली. बाबांसाठी जी मिळत नव्हती ती या वेळी एका फोनवर मिळाली. रोज सकाळी आम्ही तिघं रानात जायचो. बेहड्यांखालची जमीन विष्ठेने चुना फासल्यासारखी पांढरी होती. दादा खालचा पातेरा काठीने उलथून बघायचा. पडलेलं पाखरू दिसू नये म्हणून मी निम्मे डोळे मिटून चालायचे. येश्या वर बघत मोजायचा, वहीत बघायचा, पुन्हा मोजायचा. एखादं पाखरू मान खाली घालून बसलेलं दिसलं की आम्ही श्वास धरून उभे राहायचो आणि ते पिसं विंचरतंय असं कळलं की एकमेकांकडे न बघता पुढे जायचो. खालून वर राबाचा धूर चढत यायचा. घरचा राब त्या वर्षी मागे पडला, वहिनीने गडी लावून भाजून घेतला. दादाने चौकशीही केली नाही.

ते चार दिवस मला आजही पुरते उलगडत नाहीत. मी अर्ध्या जन्मात ज्यांची आठवण काढली नव्हती त्या पक्ष्यांसाठी मी देवाला नवस बोलत होते. पालीच्या गणपतीला पायी येईन म्हटलं, आणि आमच्या घरात नवसाला सगळ्यांत जास्त हसणारी मीच. बाबांच्या वेळी मी काहीच बोलले नव्हते. त्यांच्यासाठी काय मागायचं तेच कळत नव्हतं. जगू दे म्हणवत नव्हतं आणि सोडव म्हणायला जीभ रेटत नव्हती.

पाचव्या सकाळी येश्याने तीनदा मोजलं. शेवटच्या बेहड्यावर, अगदी शेंड्याच्या घरट्यात, पिल्लू पंख पसरून काठावर उभं होतं आणि एक मोठं पाखरू त्याच्या चोचीत चोच घालून भरवत होतं. येश्याने वही मिटली.

"सगळी हायत," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?" दादाने विचारलं.

"सगळी हायत रं. कुनी मान टाकली न्हाय." आणि येश्या आम्हाला दोघांना तिथे सोडून, वही बगलेत मारून, वाट उतरू लागला. त्याचं त्यालाच एकटं रडायचं असावं.

दादा बेहड्याच्या मुळाशी, त्या पांढऱ्या जमिनीवरच बसला. मी त्याच्या शेजारी बसले. वर पंखांची सळसळ होत होती. मग तो माझ्याकडे न बघता बोलला.

"बाय, बाबांला शेवटी लई दुखायचं गो. गोळी माग माग मागायचं. मी दोनच देयाचो. तुला फोनवर बरं हाय म्हनायचो."

हे त्याने सहा-सात महिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच्या सोलवटलेल्या हातांकडे बघत राहिले. खोटं बोलायची सोय होती. मला काही माहीत नव्हतं, असं म्हटलं असतं तर त्याने ते मानलं असतं.

"मला माहीत होतं, दादा," मी म्हटलं. "फोनमध्ये मागून ऐकू यायचं मला. म्हणूनच आले नाही मी."

त्याने खांद्यावरचा पंचा काढला, आधी माझं तोंड पुसलं, आणि मग त्याच पंचात आपलं तोंड खुपसून तो बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडला.